जुन्या मोटार शर्यतींचे फोटो कसे ओळखावेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्या महायुद्धाच्या आधीपासून साधारण १९८० पर्यंतच्या शर्यतींचे फोटो ओळखायला येतात, तेव्हा तेच ते प्रश्न पुन्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, त्या त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. माझ्याकडे शर्यतीच्या गाडीचा जुना फोटो आहे, बाकी काहीच माहिती नाही. सुरुवात कुठून करू?

फोटोच्या कडांपासून. सगळ्यांची नजर आधी गाडीवर आणि तिच्या नंबरावर जाते, आणि तिथेच घाईने निकाल लागतो. ८ किंवा १० पटीचे भिंग घ्या आणि आधी मागचे सगळे वाचून काढा: जाहिरातींच्या पाट्या, झेंडे, कठडे, स्टँडचे छत, प्रेक्षकांचे कपडे, मागे उभ्या असलेल्या साध्या गाड्या. मग गाडी, मग ड्रायव्हर, आणि नंबर सगळ्यात शेवटी.

दुसरे असे की ‘हा फोटो कधीचा असेल’ हे विचारण्याआधी ‘हा कधीचा असूच शकत नाही’ हे ठरवा. मागच्या वाहनतळावर मिनी उभी असेल तर फोटो १९५९ च्या आधीचा नाही, कारण मिनी बाजारात आलीच त्या वर्षी. मग मागे कोणी सुंदर अक्षरात ‘१९५६’ का लिहिलेले असेना. अलीकडची आणि पलीकडची हद्द पक्की झाली की मधल्या चार-पाच वर्षांतल्या शर्यतींच्या प्रवेश याद्या चाळणे हे एका संध्याकाळचे काम उरते.

२. स्कॅन कसा करून पाठवायचा? मोबाइलवर काढला तर चालेल का?

प्रिंट ६०० डीपीआयवर आणि ३५ मिमीची निगेटिव्ह किंवा स्लाइड किमान ३२०० डीपीआयवर स्कॅन करा. फाइल टिफ ठेवा, पाठवताना हवी तर जेपीईजी करा. स्कॅनरमधले ‘शार्प करा’, ‘धूळ काढा’ हे पर्याय बंद ठेवा. धूळ काढणारा पर्याय आरे, रिव्हेट आणि बारीक अक्षरे यांनाही धूळ समजून पुसून टाकतो. पांढरी किनार कापू नका आणि मागची बाजूही स्कॅन करा, ती कोरी असली तरी. प्रिंटची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये कळवा.

मोबाइल चालतो. खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, फोन प्रिंटला समांतर धरून काढा. चकचकीत प्रिंटवर उजेडाची तिरीप येत असेल तर ती नेमकी नंबरावर येणार नाही एवढे पाहा. आणि वॉटरमार्क टाकायचाच असेल तर किनारीवर टाका. गाडीच्या नाकावर टाकून मग ‘ही कोणती गाडी’ विचारण्यात अर्थ नाही.

३. फोटोच्या मागे शिक्का आणि तारीख आहे. मग प्रश्न मिटलाच ना?

नाही. शिक्क्याची तारीख बहुतेक वेळा वर्तमानपत्राच्या कार्यालयात प्रिंट आल्याची किंवा छापल्याची असते. एखादा ड्रायव्हर वारला की त्याचा जुना फोटो कपाटातून काढून पुन्हा छापत आणि नवा शिक्का मारत. म्हणून एकाच प्रिंटवर दोन-तीन शिक्के असतील तर सगळ्यात जुना धरा, आणि तोही ‘या तारखेच्या नंतरचा नाही’ एवढ्याच अर्थाने. कोडॅक्रोमच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर छापलेला महिना-वर्ष हा फिल्म धुतल्याचा असतो. रोल कॅमेऱ्यात सहा-सहा महिने पडून राहत असे.

हाताने लिहिलेल्या मजकुराचे दोन प्रकार. फोटोग्राफरने त्याच आठवड्यात लिहिलेला मजकूर मौल्यवान. नातवाने पुढे बॉलपेनने लिहिलेला मजकूर म्हणजे ऐकीव माहिती. शाई, अक्षराचे वळण आणि गावांच्या नावांचे स्पेलिंग यांवरून हा फरक बहुधा कळतो.

४. गाडीवर ८ नंबर आहे. कोणती शर्यत असेल?

एवढ्यावरून कोणीही सांगू शकणार नाही. ग्रां प्रीमध्ये (देशोदेशीच्या सर्वोच्च दर्जाच्या शर्यतींत) १९७३ पर्यंत साधारणपणे प्रत्येक शर्यतीचे आयोजक आपापले नंबर वाटत. त्यामुळे एकाच हंगामात एकच गाडी दर शर्यतीला वेगळ्या नंबराने धावलेली दिसते. संघांना वर्षभर टिकणारे नंबर १९७४ पासून मिळाले. त्या वर्षी फेरारी ११ आणि १२ वर होती. म्हणजे १९७४ पासूनच्या फोटोत नंबरावरून संघ ओळखायला मदत होते, पण शर्यत कळत नाही. त्याआधीच्या फोटोत नंबर, गाडी आणि ट्रॅक अशी तिन्ही जुळली तर शर्यत कळते.

मिल्ले मिलिया ही इटलीतल्या साध्या रस्त्यांवरून धावणारी शर्यत हा सुखद अपवाद. १९५० च्या दशकात तिथला नंबर म्हणजे ब्रेशियाहून सुटण्याची वेळ असे. १९५५ मध्ये स्टर्लिंग मॉसची विजेती मर्सिडीज ७२२ नंबरची होती, कारण ती सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी सुटली. फांजिओची ६५८ नंबरची ६ वाजून ५८ मिनिटांनी. इटलीतल्या गावातून जाणाऱ्या गाडीवर असा तीन आकडी नंबर असेल आणि शेवटचे दोन आकडे ५९ च्या पुढे जात नसतील, तर आधी ही शर्यत तपासा.

नंबरानंतर ‘टी’ असेल तर ती राखीव गाडी. तिच्यावर कोण बसले होते हे नंबरावरून ठरत नाही. स्टँड रिकामे असतील तर फोटो सरावाचा असण्याची शक्यता धरा, आणि सरावात ड्रायव्हर गाड्या अदलाबदल करून चालवत हे लक्षात ठेवा.

५. नंबर आणि गाडी दोन्ही प्रवेश यादीशी जुळतात. आता ड्रायव्हरचे नाव लिहू का?

थांबा. १९५७ पर्यंत शर्यतीच्या मध्येच गाडी दुसऱ्या ड्रायव्हरकडे सोपवणे सर्रास चालत असे. त्याच वर्षी लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री ट्रॅकवरच्या ब्रिटिश ग्रां प्रीत मॉसची १८ नंबरची व्हॅनवॉल बिघडली, तेव्हा त्याने टोनी ब्रुक्सची २० नंबरची गाडी घेतली आणि जिंकली. २० नंबरच्या त्या गाडीच्या फोटोखाली नुसते ‘मॉस’ लिहिणे चूक आणि नुसते ‘ब्रुक्स’ लिहिणेही चूक. शर्यतीच्या कोणत्या टप्प्यातला फोटो आहे ते कळले पाहिजे किंवा हेल्मेट दिसले पाहिजे (प्रश्न ९). ल माँसारख्या चोवीस तासांच्या शर्यतीत तर दोघांची नावे लिहून पुढे ‘चालवणारा अनिश्चित’ एवढेच लिहावे.

६. कृष्णधवल फोटोत गाडीचा रंग कसा ओळखायचा?

पूर्वी गाडीचा रंग देशावरून ठरे: इटली लाल, फ्रान्स निळा, ब्रिटन हिरवा, जर्मनी आधी पांढरा आणि १९३४ पासून चंदेरी, बेल्जियम पिवळा. ग्रां प्रीत जाहिरातदारांचे रंग १९६८ पासून आले.

पण करडी छटा पाहून रंग सांगणे धोक्याचे आहे, आणि त्याला रसायन कारण आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि नंतरही बरीच वर्षे वापरात असलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक काचा व फिल्म लाल रंग पकडतच नसत. त्यांच्यावर इटालियन लाल जवळजवळ काळा उमटतो आणि फ्रेंच निळा इतका फिका की तो पांढरा वाटावा. नंतरच्या पॅनक्रोमॅटिक फिल्मवर लाल आणि गडद हिरवा हे दोन्ही सारखेच करडे दिसतात. फोटो कोणत्या फिल्मवरचा आहे हे पाहायला एखाद्या ओळखीच्या वस्तूचा आधार घ्या. फ्रेंच तिरंगी झेंड्याचा लाल पट्टा काळाकुट्ट आणि निळा पट्टा फिका असेल तर फिल्म ऑर्थो.

शिवाय रंग कळला तरी गाडीची कंपनी कळत नाही, कारण रंग असे तो गाडी शर्यतीत उतरवणाऱ्याचा. निळी जग्वार फ्रेंच नाही, ती स्कॉटलंडच्या एकुरी एकॉस संघाची. १९५४ मधली मॉसची स्वतःची मासेराती २५०एफ हिरवी होती. १९६१ मध्ये बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर ऑलिव्हिए जाँदबियाँची फेरारी पिवळी होती, कारण तो बेल्जियन. आणि १९६४ च्या शेवटी अमेरिकेत वॉटकिन्स ग्लेनला आणि मेक्सिकोत फेरारी चक्क पांढऱ्या-निळ्या रंगात धावल्या. जॉन सर्टीझने विश्वविजेतेपद मिळवले ते याच रंगात. ‘लाल नाही म्हणजे फेरारी नाही’ हे वाक्य दर महिन्याला कोणीतरी लिहितेच.

७. नुसती गाडी पाहून साल सांगता येते का?

साल क्वचितच, पण पाच-सात वर्षांचा पट्टा नक्की. ग्रां प्रीच्या गाड्यांसाठी उपयोगी पडणाऱ्या खुणा अशा.

गाडीत दोन माणसे असतील, म्हणजे ड्रायव्हरशेजारी मेकॅनिक, तर फोटो १९२४ पर्यंतचा. १९२५ पासून ग्रां प्रीत मेकॅनिकला बंदी आली, पण गाड्या काही काळ दोन माणसांच्या रुंदीच्याच राहिल्या. इंडियानापोलिसला मात्र १९३० ते १९३७ मध्ये मेकॅनिक सक्तीचा होता, तेव्हा ट्रॅक आधी ठरवा. पुढच्या चाकांना ब्रेकचे ड्रम नसतील तर फोटो बहुधा पहिल्या महायुद्धाआधीचा. १९१४ च्या लियाँच्या शर्यतीतही चारही चाकांना ब्रेक असलेल्या गाड्या मोजक्याच होत्या. चाकांना तारांचे आरे असतील तर त्यावरून फारसे कळत नाही. आठ चपट्या पट्ट्यांचे ओतीव ॲल्युमिनियमचे चाक असेल तर बुगाटी टाइप ३५ ची शक्यता मोठी. ती लियाँलाच १९२४ मध्ये पहिल्यांदा धावली.

इंजिन मागे की पुढे, ही मोठी खूण. मागे इंजिन असलेल्या कूपरने पहिली विश्वविजेतेपदाची शर्यत जिंकली ती १९५८ मध्ये अर्जेंटिनात. पुढे इंजिन असलेल्या गाडीचा शेवटचा असा विजय १९६० चा, इटलीत मोंझाला, फेरारीचा. १९६१ च्या ग्रां प्रीच्या रांगेत पुढे इंजिनवाली गाडी दिसली तर ती फर्ग्युसन. मात्र ‘इंजिन मागे म्हणजे १९५८ नंतरची’ असे सरळ लिहू नका, कारण ऑटो युनियनने १९३४ ते १९३९ मागे इंजिन ठेवूनच शर्यती मारल्या. इंडियानापोलिसलाही मोजपट्टी वेगळी: पुढे इंजिनवाली गाडी तिथे १९६४ पर्यंत जिंकत होती.

डोक्यावर कापडी टोपी असेल तर १९५२ च्या आधी, कारण त्या वर्षी हेल्मेट सक्तीचे झाले. त्याआधीही काही जण हेल्मेट घालत, म्हणून ही खूण एकाच दिशेने चालते. तोंड पूर्ण झाकणारे हेल्मेट ग्रां प्रीत दिसले ते १९६८ मध्ये डॅन गर्नीच्या डोक्यावर. गुळगुळीत, नक्षी नसलेले टायर १९७१ पासून. डोक्यामागे इंजिनात हवा ओढणारा उंच पेटारा असेल तर १९७० च्या दशकाचा पहिला अर्धा भाग, कारण १९७६ च्या स्पॅनिश शर्यतीपासून उंच पेटाऱ्यांना बंदी आली. सहा चाकांची टिरेल पी३४ ही १९७६ आणि १९७७ चीच.

सगळ्यात अरुंद पट्टा देणारी खूण म्हणजे काठ्यांवर उभा केलेला उंच पंख. ग्रां प्रीत पंख आले जून १९६८ मध्ये स्पाला. ४ मे १९६९ रोजी बार्सिलोनाच्या माँजुईक ट्रॅकवर ग्रॅहम हिल आणि योखेन रिंड्ट या दोघांच्या लोटसचे पंख मोडून अपघात झाले, आणि त्याच महिन्यात मोनाकोच्या सरावानंतर असे पंख बंद झाले. म्हणजे उंच पंखाची ग्रां प्री गाडी दिसली की जेमतेम वर्षभराचा काळ हाती लागतो. स्पोर्ट्सकारना हे लागू नाही: चॅपरल १९६६ पासूनच उंच पंख लावून धावत होती.

८. ट्रॅक कसा ओळखायचा?

कठडे, वळणाचा चढ आणि इमारती यांवरून. काही ट्रॅक त्यांच्या बदलांसकट लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

मोंझाला उभ्या भिंतीसारखे काँक्रीटचे वळण आणि त्यावर ग्रां प्रीची गाडी दिसली तर चारच वर्षे शक्य: १९५५, १९५६, १९६० आणि १९६१. स्पोर्ट्सकार मात्र तिथे १९६९ पर्यंत धावल्या. मोंझाच्या सरळ रस्त्यांवर वेग तोडणारी वाकडी वळणे १९७२ पासून.

ल माँचे पिट, म्हणजे ट्रॅकलगतच्या दुरुस्तीच्या जागा, नीट पाहा. गाड्या पिटच्या अगदी जवळून जात असतील तर फोटो १९५५ पर्यंतचा. त्या वर्षी ११ जूनच्या भीषण अपघातानंतर पिट पाडून नव्याने बांधले आणि तिथला रस्ता रुंद केला. ड्रायव्हर धावत रस्ता ओलांडून गाड्यांकडे जातानाचा फोटो १९६९ किंवा त्याआधीचा. १९६८ ची ल माँ जूनऐवजी सप्टेंबरअखेर झाली. प्रेक्षक कोटात दिसले तर ‘जूनमध्ये एवढी थंडी कशी’ म्हणण्याआधी हे आठवा.

सिल्व्हरस्टोनला १९५० आणि १९५१ मध्ये शर्यत फार्म स्ट्रेटवरून सुटे. १९५२ पासून पिट वुडकोट आणि कॉप्स या वळणांच्या मध्ये आले. स्पाला ओ रूज वळणानंतर सरळ वर चढणारा रेदियाँचा चढ १९३९ पासून आहे. त्याआधी तिथे गाड्या जुन्या जकात नाक्याच्या तीव्र वळणाने फिरून येत. मोनाकोत गॅस कारखान्याजवळचे वळण १९७२ पर्यंत, जलतरण तलावाचा भाग १९७३ पासून. न्युर्बुर्गरिंगला १९७१ पासून दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्या दिसतात. त्याआधी झुडपे आणि गवत.

एकूणच गवताच्या पेंढ्या दिसल्या तर १९६० चे दशक किंवा त्याआधी आणि सलग पोलादी पट्ट्या दिसल्या तर त्यानंतर, असा ढोबळ अंदाज चालतो. छोट्या स्थानिक शर्यतींत पेंढ्या पुढेही बरीच वर्षे होत्या.

९. हेल्मेटवरून ड्रायव्हर ओळखणे कितपत खात्रीचे?

१९६० च्या दशकापासून बरेच खात्रीचे. ग्रॅहम हिलच्या गडद निळ्या हेल्मेटवर पांढरी वल्ह्याची पाती, ती लंडन रोइंग क्लबची. जॅकी स्ट्युअर्टच्या पांढऱ्या हेल्मेटभोवती स्कॉटिश चौकड्यांची पट्टी. मॉसचे पांढरे. हिलचा मुलगा डेमन यानेही तेच वल्ह्याचे नक्षीकाम वापरले, पण गाडी पाहिली तर गोंधळ व्हायचे कारण नाही.

अपवाद असा की हेल्मेटे उसनी घेतली जात. अल्बर्टो अस्कारी आपल्या फिक्या निळ्या हेल्मेटाबाबत कमालीचा हळवा होता, तरी २६ मे १९५५ रोजी मोंझाला तो कास्तेलोतीची फेरारी घेऊन फिरला तेव्हा डोक्यावर हेल्मेटही कास्तेलोतीचेच होते. त्याच फेरीत तो गेला. म्हणून हेल्मेटला जोडीदार पुरावा शोधा: खांद्यांची ठेवण, बसण्याची पद्धत, गाडीतून डोके किती वर येते.

१०. ही गाडी उजवीकडे वळताना दिसते, पण त्या ट्रॅकवर तिथे डावे वळण आहे. फोटो उलटा छापलाय का?

शक्य आहे. निगेटिव्ह उलटी ठेवून छापणे फार सोपे असते, आणि ०, ८, ११ असे नंबर (इंग्रजी आकड्यांत) आरशातही तसेच दिसत असल्याने चूक लपते. आधी कोणतीही अक्षरे शोधा, टायरवरची सुद्धा. ती नसतील तर पुरुषांच्या कोटाची बटणे पाहा: डावी बाजू वर असते. मग गाडी: मासेराती २५०एफचा एक्झॉस्ट डाव्या बाजूने जातो, फोटोत उजवीकडे दिसला तर फोटो उलटा. शेवटी ट्रॅकची दिशा. ल माँ, मोंझा, स्पा, मोनाको, सिल्व्हरस्टोन इथे गाड्या घड्याळाच्या दिशेने फिरतात. इंडियानापोलिसला विरुद्ध दिशेने, आणि ब्रुकलँड्सलाही सहसा विरुद्धच.

११. चाके अंडाकृती आहेत आणि पुढे झुकली आहेत. फोटो बनावट आहे का?

उलट, हे अस्सलपणाचे लक्षण. जुन्या मोठ्या कॅमेऱ्यांत पडद्यातली एक आडवी फट काचेवरून वरून खाली सरकत असे. काचेवर प्रतिमा उलटी पडते, म्हणून आधी दृश्याचा खालचा भाग टिपला जाई आणि मग वरचा. तेवढ्या वेळात गाडी पुढे गेलेली असे, म्हणून चाकाचा माथा पुढे कलतो. फोटोग्राफर गाडीबरोबर कॅमेरा फिरवत असेल तर मागचे खांब आणि माणसे उलट दिशेला कलतात.

या प्रकारातला सगळ्यात प्रसिद्ध फोटो झाक आंरी लार्तिगचा, आणि तो ओळखीच्या चुकांचाही नमुना आहे. वर्षानुवर्षे तो ‘१९१२ ची ग्रां प्री, दलाज गाडी’ या मथळ्याखाली छापला गेला. पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले की ती ६ नंबरची गाडी श्नायडरची आहे आणि शर्यत १९१३ ची, अमियाँची. म्हणजे खुद्द फोटोग्राफरकडून आलेला मथळाही एका वर्षाने आणि एका कंपनीने चुकू शकतो.

१२. ही नेमकी कोणत्या चेसिसची (सांगाड्याची) गाडी आहे ते फोटोवरून कळेल का?

कधीकधी, आणि त्याला बरेच फोटो लागतात. बॉनेटवरच्या हवेच्या फटींची संख्या आणि ओळी, रिव्हेटांमधले अंतर, आरशाची जागा, इंधनाच्या झाकणाचा आकार, दुरुस्तीचे पोचे हे सगळे जुळवावे लागते. हंगामाच्या मध्यावर बॉडी बदलली की हे सगळे रद्द. लान्चिया डी५० हे चांगले उदाहरण. चाकांच्या मधल्या बाजूच्या टाक्या आणि गाडीचे अंग यांच्यामध्ये मोकळी फट असेल तर गाडी सुरुवातीच्या रूपातली, १९५४–५५ ची. १९५५ च्या मध्यावर या गाड्या फेरारीकडे गेल्या आणि १९५६ मध्ये ती फट पत्र्याने भरत गेली. गाडी तीच, पण नाकावर फेरारीचा घोडा आला.

सगळ्यात मोठी अडचण कागदांची. सीमा ओलांडताना जकातीची कागदपत्रे विशिष्ट क्रमांकाच्या गाडीच्या नावे असत, म्हणून संघ सोयीने एका गाडीची पाटी दुसरीवर लावत. त्यामुळे त्या काळचा कागद आणि फोटो यांच्यात विरोध आला तर आम्ही फोटोच्या बाजूने कौल देतो. आणि आजच्या मालकाने ‘माझी गाडी हीच’ असे सांगून फोटो ओळखायला दिला असेल तर दुप्पट सावध राहा. त्या उत्तरावर फार पैसे अवलंबून असतात.

१३. नंबरप्लेटचा काही उपयोग?

रस्त्यावर चालणाऱ्या स्पोर्ट्सकार आणि रॅलीच्या गाड्यांसाठी खूप. ब्रिटिश प्लेटच्या शेवटी वर्षाचे अक्षर १९६३ ते १९८३ या काळात असे: ‘डी’ म्हणजे १९६६, ‘जी’ म्हणजे ऑगस्ट १९६८ ते जुलै १९६९. जुन्या फ्रेंच प्लेटचे शेवटचे दोन आकडे जिल्ह्याचे, ७५ म्हणजे पॅरिस. इटालियन प्लेटवर प्रांताची अक्षरे. मात्र ‘प्रोवा’ लिहिलेली प्लेट ही कारखान्याची चाचणीची प्लेट. ती आज या गाडीवर तर उद्या त्या गाडीवर लावत, तिच्यावरून गाडी ओळखू नका.

१४. जिम क्लार्क लाल-पांढऱ्या-सोनेरी लोटस ४९ मध्ये? हा फोटो रंगवलेला असणार ना?

नाही, खरा आहे. क्लार्कची शेवटची ग्रां प्री १ जानेवारी १९६८ ची, दक्षिण आफ्रिकेतली, आणि तिथे लोटस हिरवी-पिवळीच होती. पण त्याच जानेवारीत न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या टास्मन मालिकेत लोटस सिगारेट कंपनीच्या नव्या रंगात उतरली आणि क्लार्कने ती चालवली. तेव्हा असा फोटो टास्मनचा. त्याखाली कोणी युरोपातल्या ग्रां प्रीचे नाव लिहिले असेल तर ते चूक, कारण ७ एप्रिल १९६८ रोजी हॉकेनहाइमला क्लार्कचा अंत झाला.

१५. प्रिंट त्या काळची आहे की नंतर काढलेली, हे घरी कसे तपासायचे?

अंधारात ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च धरा. कागद निळसर पांढरा झळकला तर त्यात उजळवणारे रसायन आहे, आणि ते फोटोच्या कागदात सर्रास आले १९५० च्या दशकात. म्हणजे ‘१९३० ची मूळ प्रिंट’ झळकली तर ती नंतरची. झळकली नाही तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. प्लास्टिकसारखी गुळगुळीत पाठ असलेला रेझिनचा कागद साधारण १९७० नंतरचा.

मग बोट फिरवा. फोटोत घडीची पांढरी रेघ दिसते पण बोटाला लागत नाही, याचा अर्थ घडी मूळ प्रिंटला होती आणि तुमच्या हातात तिची नक्कल आहे. ओळखीसाठी नक्कलही चालते, किमतीसाठी नाही.

१६. रंगीत, एकदम स्वच्छ फोटो आहे, सगळे जुन्या कपड्यांत आहेत. १९५० च्या दशकातला एवढा चांगला कसा?

बहुधा तो गुडवुड रिव्हायव्हलचा आहे. १९९८ पासून चालणाऱ्या या सोहळ्यात प्रेक्षकही जुन्या काळचे कपडे घालून येतात. ड्रायव्हरचे अंगभर आगरोधक कपडे, हेल्मेटवरची सुरक्षा चिठ्ठी, नंतर बसवलेला रोल-बार आणि गर्दीत कुठेतरी वर धरलेला मोबाइल शोधा. फेरारीची शार्कच्या नाकाची १९६१ ची १५६ एखाद्या रंगीत डिजिटल फोटोत दिसली तर ती प्रतिकृतीच, कारण मूळ गाड्या कारखान्याने मोडीत काढल्या आणि एकही उरली नाही.

१७. ॲपने रंगवलेला, ‘स्पष्ट केलेला’ फोटो पाठवू का?

नको. ॲप रंग अंदाजाने भरते आणि धूसर ३ चा ठसठशीत ८ करते. मूळ स्कॅन पाठवा, तो कितीही धुरकट असो.

१८. आजोबांच्या मुंबईच्या अल्बममध्ये दारावर नंबर असलेल्या परदेशी गाड्या आहेत. मुंबईत अशी शर्यत कधी झाली?

नोव्हेंबर–डिसेंबर १९६८ ची लंडन–सिडनी मॅरेथॉन आधी तपासा. ९८ गाड्या २४ नोव्हेंबरला लंडनहून सुटल्या. पहिला टप्पा मुंबईत संपला, तिथून उरलेल्या गाड्या ‘चुसान’ या बोटीने ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला नेल्या, आणि १७ डिसेंबरला सिडनीत शर्यत संपली. हिलमन हंटर जिंकली. ऑस्टिन १८००, लोटस कोर्टिना, सित्रोएन डीएस, होल्डन मोनारो, पुढे कांगारूंसाठी लावलेले लोखंडी गज, छतावर सुटी चाके आणि धुळीने माखलेल्या काचा दिसल्या तर हीच.

गाड्या फियाट ११००, हेराल्ड, अँबॅसिडर अशा असतील, रस्ता धावपट्टीसारखा रुंद आणि सपाट असेल आणि वळणे पेंढ्यांनी आखलेली असतील, तर चेन्नईजवळचे शोलावरम पाहा. दुसऱ्या महायुद्धातली ती धावपट्टी पुढे अनेक दशके आपल्याकडच्या शर्यतींचे मुख्य ठिकाण होती. १९९० च्या सुमारास शर्यती इरुंगट्टुकोट्टईला गेल्या. कोलकात्याजवळ बराकपूरच्या धावपट्टीवरही शर्यती होत. गाडीच्या प्लेटवर तीन अक्षरे आणि पुढे आकडे असतील तर ती नोंदणी १९८९ च्या आसपास आलेल्या ‘एमएच’ पद्धतीच्या आधीची. अशा फोटोंची छापील नोंद फार कमी आहे, म्हणून अल्बमची पाने सुटी करण्याआधी पानांचा क्रम जपून स्कॅन करा. शेजारच्या फोटोतले लग्न किंवा बारसे तारीख देऊन जाते.

१९. दोन जाणकारांची दोन उत्तरे आली. कोणाचे धरू?

ज्याने कारण दिले त्याचे. नाव कितीही मोठे असो, ‘हे तर उघडच आहे’ हा पुरावा नव्हे. उत्तर देताना तीन शब्द वापरायची शिस्त ठेवा: नक्की, बहुतेक, कदाचित. ‘नक्की’ तेव्हाच, जेव्हा एकमेकांवर न विसंबणाऱ्या दोन खुणा जुळतात, उदाहरणार्थ नंबर आणि ट्रॅकवरची इमारत. दोन संकेतस्थळांवर तोच मथळा असणे म्हणजे दोन खुणा नव्हेत, बहुधा एकाने दुसऱ्याचा उचललेला असतो. मूळ मथळा हवा असेल तर १९३० च्या दशकापर्यंतच्या फ्रेंच शर्यतींसाठी फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गालिका संग्रहात रोल आणि म्यूरिस या वृत्तसंस्थांच्या काचा पाहा. ऑस्ट्रेलियातल्या शर्यतींसाठी ट्रोव्ह आणि न्यूझीलंडमधल्यांसाठी पेपर्स पास्ट या संग्रहांतली जुनी वर्तमानपत्रे उपयोगी पडतात.

२०. चोर बाजारातून प्रिंट विकत घेतली. ती छापायचा हक्क माझा ना?

कागद तुमचा, स्वामित्वहक्क नाही. भारतात २०१२ च्या दुरुस्तीपासून फोटोलाही इतर साहित्याप्रमाणे फोटोग्राफरच्या मृत्यूनंतर ६० वर्षे संरक्षण आहे. ब्रिटन आणि युरोपीय संघात ७० वर्षे. मागे वृत्तसंस्थेचा शिक्का असेल तर छापण्याआधी तिच्या आजच्या हक्कदाराला विचारा. ओळख पटवण्यापुरता दाखवताना शिक्क्यावरचे नाव जसेच्या तसे लिहा.

२१. ओळख पटली. आता ती प्रिंटवर लिहून ठेवू का?

लिहा, पण २बी पेन्सिलीने, मागच्या बाजूला, किनारीलगत, आणि प्रिंट काचेवर पालथी ठेवून हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि स्केचपेनची शाई कालांतराने झिरपते. रेझिनच्या कागदावर पेन्सिल धरत नाही, तिथे मजकूर वेगळ्या कागदावर लिहून प्रिंटसोबत पॉलिएस्टरच्या पिशवीत ठेवा. आधीच्या कोणाचा चुकीचा मजकूर असला तरी खोडू नका. त्याच्याखाली आपले उत्तर, त्याचे कारण आणि आजची तारीख लिहा. चिकट पानांच्या अल्बममध्ये प्रिंट असेल तर ती ओढून काढू नका. पानाच्या मागून दातांचा दोरा हळूहळू सरकवत सोडवा, आणि कोपरा अडला तर तसाच राहू द्या.